दुसऱ्या मंगळवारची रात्र, बुधवारची सकाळ

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या त्या महिन्याच्या दुरुस्त्या जगभर खुल्या करते. ऑक्टोबर २००३ पासून हा शिरस्ता चालू आहे. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे घेतली जातात, म्हणून साडेअकरा. झरी जामणीत तोवर झेरॉक्सची दुकाने आणि सेवा केंद्रे बंद झालेली असतात, आणि बंद म्हणजे पुरती बंद. संगणक शट डाउन, भिंतीवरच्या बोर्डाचे बटण खाली, पावसाळा असेल तर विजेच्या भीतीने मॉडेमची वायरही काढून ठेवलेली.

नेमका इथेच घोळ सुरू होतो. विंडोजचे अपडेट ज्या संगणकासाठी आखलेले आहे, तो संगणक रात्री चालू असतो, त्याला इंटरनेट मोजून मिळत नाही आणि त्याची लाइन जात नाही. रात्री आपोआप उतरवून घ्यायचे, पहाटे रीस्टार्ट व्हायचे, सकाळी माणूस येईपर्यंत तयार राहायचे, असा तो बेत. आपल्याकडे रात्रीचे हे सगळे काम बुधवारी सकाळी येऊन पडते, दारात दाखल्यासाठी माणसे उभी असताना.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी हा तालुका आहे. नदी ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद. मुकुटबन, पाटण, माथार्जुन, शिबला अशा गावांतून आणि कोलाम-गोंडांच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, माणसे कागदपत्रांसाठी येतात. जूनमध्ये उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, जुलैत पीक विमा, मधूनमधून ई-केवायसी. कुणाचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, कुणाला परतीची गाडी गाठायची असते. अशा वेळी पडद्यावर टक्केवारी फिरू लागते आणि केंद्रचालक वणीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावतो, "दोन घंट्यांपासून तीसवरच अडकून राह्यलं भाऊ, बंद करू काय?"

या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर आत काय चालले आहे ते क्रमाने पाहावे लागेल.

पहिली पायरी तपासणीची. संगणक इंटरनेटला जोडला गेला की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो, माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे, मला काय लागेल? विंडोज १० पासून मासिक अपडेट एकत्रित स्वरूपात येते. म्हणजे या महिन्याच्या गठ्ठ्यात मागच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या असतातच. केंद्र तीन महिने बंद राहिले तरी तीन अपडेट एकामागून एक घालावी लागत नाहीत, शेवटचे एक पुरते. "एवढी साचली आहेत, आता हातच लावायला नको," ही भीती म्हणून सोडून द्यावी.

दुसरी पायरी उतरवून घेण्याची. गठ्ठा काही शे एमबींचा असतो. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो एक जीबीच्या पुढेही जातो. हे काम पार्श्वभूमीला चालणारी एक सेवा करते. ती मोकळी उरलेली गती वापरते आणि नेट तुटले तर पुन्हा जोडल्यावर राहिलेल्या ठिकाणाहून पुढे जाते. त्यामुळे डाउनलोड चालू असताना लाइन गेली तर बिघडत काही नाही. अडचण निराळीच आहे. फोनच्या हॉटस्पॉटचे वायफाय संगणकाला बहुतेक वेळा घरच्या अमर्याद वायफायसारखेच दिसते, आणि केबल लावून फोनचे नेट घेतले तर ते साध्या वायरच्या नेटसारखे दिसते. संगणक मोकळ्या हाताने ओढू लागतो आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा दुपारच्या आत संपतो. पुढे गती ६४ केबीपीएसवर आली की उरलेला एक जीबी उतरायला सुमारे ३५ तास लागतील. गुणाकार करून पाहावा.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली त्या जोडणीपुढे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायचे. मग विंडोज मोठी अपडेट स्वतःहून ओढत नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच उतरवते. मात्र ही कळ लावून वर्षभर विसरून जाणारेही आहेत, आणि ते धोक्याचे आहे. महिन्यातून एकदा ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे जाऊन, किंवा ज्या दिवशी कोटा शिल्लक आहे त्या दिवशी, हाताने उतरवून घ्यावे. एका केंद्रात किंवा शाळेच्या संगणक कक्षात दोन-चार यंत्रे असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' या सोयीने एका संगणकाने उतरवलेले भाग बाकीचे त्याच्याकडून घेऊ शकतात. तिथे 'स्थानिक नेटवर्कवरील संगणक' एवढाच पर्याय निवडावा. इंटरनेटवरच्या संगणकांचा पर्याय निवडला तर तुमच्या कोट्यातून तुमचे यंत्र परक्यांनाही भाग पुरवत बसते.

तिसरी पायरी सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त छळते. गठ्ठा उतरला की तो उलगडायचा, मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही तपासायची आणि नव्या फायली विंडोजच्या कोठारात, म्हणजे 'विनएसएक्सएस' नावाच्या फोल्डरमध्ये, मांडून ठेवायच्या. हे सगळे तुम्ही काम करत असतानाच होते. पडद्यावर काहीच हलत नाही, पण क्रोम उघडायला दोन मिनिटे लागतात आणि पंखा घोंघावतो. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कपुढे १०० टक्के दिसतात. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्डडिस्क असलेल्या यंत्रावर हा त्रास तासन्‌तास चालतो. एसएसडी असेल तर तेच काम पुष्कळ लवकर उरकते. जुन्या केंद्राला एकच खर्च करता येणार असेल तर मी एसएसडीच सुचवेन.

आता रीस्टार्ट. तो का लागतो? चालू असलेल्या विंडोजच्या कितीतरी फायली सतत वापरात असतात, आणि वापरात असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. म्हणून कोणती फाइल, कोणती नोंद, कुठे बदलायची याची एक यादी आधी लिहून ठेवली जाते आणि बंद होताना व पुन्हा सुरू होताना, बाकीच्या सेवा जाग्या होण्याआधी, ती अमलात येते. सातबाऱ्यावर जसा बदल थेट होत नाही, आधी फेरफार नोंदला जातो, तो प्रमाणित झाला की मगच सातबारा बदलतो, आणि नामंजूर झाला तर सातबारा होता तसाच राहतो. तसे हे आहे. फेरफाराची वही तयार असल्यामुळेच मध्येच काही मोडले तर मागे फिरता येते.

पडद्यावरची टक्केवारी म्हणजे याच यादीतला पार पडलेला वाटा. तिचा वेळेशी संबंध नाही. यादीतली शंभर कामे एका सेकंदात होतात आणि एकच काम दहा मिनिटे घेते, म्हणून आकडा तीसवर थांबतो आणि मग एकदम पंचाहत्तरवर उडी मारतो. बंद होण्याआधी एक टक्केवारी दिसते, सुरू होताना दुसरी, तीही याचमुळे. जुन्या हार्डडिस्कवर तास-दीड तास थांबणे वावगे नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. दिवा कित्येक तास मेलेला आणि आकडा तोच, असे असेल तरच बटण दाबून धरण्याचा विचार करावा.

आणि मध्येच लाइन गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. पहिल्या पावसात वारा सुटला की लाइन ट्रिप होते, कधी पाच मिनिटांत येते, कधी दुसऱ्या दिवशी. बहुतेक वेळा संगणक यातून वाचतो. पुन्हा सुरू होताना तो यादी वाचतो आणि राहिलेले काम पुरे करतो, किंवा जमले नाही तर 'अनडूइंग चेंजेस' असे दाखवून सगळे पूर्ववत करतो. हे पूर्ववत करणे अपडेटपेक्षाही जास्त वेळ खाते, आणि घाबरून पुन्हा बटण दाबणारी माणसे नेमकी याच वेळी नुकसान करून घेतात. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होता आले नाही तर विंडोज स्वतः दुरुस्तीच्या पडद्यावर नेते. तिथे 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असा रस्ता आहे. शेवटचे मासिक अपडेट तिथून काढता येते, फायलींना धक्का न लावता. विंडोज नव्याने टाकण्याआधी हा रस्ता चालून पाहा. फॉरमॅट मारणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

तरीही नशिबावर का ठेवायचे? रीस्टार्टपुरता यूपीएस हवा, किंवा इन्व्हर्टर. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर लावलेला. एका अपडेटच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. फर्मवेअरचे, म्हणजे बायोसचे, अपडेट अनेक लॅपटॉपवर विंडोज अपडेटच्याच यादीतून येते. ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिले जाते आणि त्या मिनिटभरात लाइन गेली तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. ढग असलेल्या दिवशी त्याला हात लावू नये.

संध्याकाळी घडणारी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. निघताना 'अपडेट अँड शट डाउन' दाबायचे आणि पडदा काळा झाला की बोर्डाचे बटण खाली करायचे, ही सवय घातक आहे. संगणक बंद झालेला नसतो, तो काम पुरे करायला पुन्हा सुरू होत असतो. दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायला हवे. उलट बाजूने, रोज शट डाउन केले म्हणजे रीस्टार्ट झाले असेही नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउनच्या वेळी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

दरमहाच्या अपडेटखेरीज वर्षातून एखादे मोठे अपडेट येते, ज्याने आवृत्तीच बदलते. त्यातली मोठी असतात ती अख्खे नवे विंडोज शेजारी उभारतात, जुने 'विंडोज.ओल्ड' फोल्डरमध्ये बाजूला ठेवतात, आणि दहा दिवसांत परत जायची मुभा देतात. डिस्कवर वीसेक जीबी मोकळे नसतील तर ते अर्ध्यावर अडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये अशाच एका मोठ्या अपडेटने काही लोकांच्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमधल्या फायली पुसल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावे लागले. म्हणून मोठ्या अपडेटआधी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे हा नियमच करावा. दुसरे म्हणजे बिटलॉकर. डिस्क कूटबद्ध असेल तर अपडेटनंतर यंत्र ४८ अंकी किल्ली मागू शकते. जुलै २०२४ च्या मासिक अपडेटनंतर कित्येकांना हे भोगावे लागले. ती किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवावी, त्याच संगणकात नव्हे.

अपडेट झाले, डेस्कटॉप आला, म्हणजे संपले असे केंद्रात म्हणता येत नाही. खरी परीक्षा छपाईची, ठशाची आणि सहीची. ९ मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरांच्या ड्रायव्हरमुळे प्रिंट देताच निळा पडदा येऊ लागला. सहा दिवसांनी त्यावरची दुरुस्ती आली. त्याच अपडेटने काहींच्या छापील पानांवरून चिन्हे, बारकोड, क्यूआर कोड गायब होत होते, त्यासाठी आणखी एक दुरुस्ती लागली. दाखल्यावरचा क्यूआर कोड छापला नाही तर तो कागद कुठल्या कामाचा? त्याच वर्षी ऑगस्टपासून, प्रिंटरच्या सेवेच्या सुरक्षेतली एक मोठी भेग बुजवताना, ड्रायव्हर घालायला प्रशासकाचा पासवर्ड लागू लागला. नियम योग्य होता, पण ज्यांना पासवर्डच माहीत नव्हता त्यांची छपाई अडली.

बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचे आणि डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर विंडोजच्या बाहेरून, त्या त्या कंपनीकडून येतात. अपडेटने खालची चौकट बदलली की ते कधीकधी सैल पडतात. यंत्र काढून लावणे, सेवा पुन्हा सुरू करणे, नाही जमले तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घेणे, या क्रमाने जावे. हे ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवलेले असतील तर नेट नसतानाही भागते.

मराठीपुरते पाहायचे तर अपडेटने घेतले कमी आणि दिले जास्त. १५ जुलै २०१० ला रुपयाचे चिन्ह ठरले. विंडोज ७ मध्ये ते २०११ साली अपडेटनेच आले. इंग्रजी (इंडिया) कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबले की ₹ उमटते, ते तेव्हापासून. मे २०१९ च्या अपडेटने मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजच्या आतच दिला. त्याआधी त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर शोधावे लागे. गेले काय, तर मंगल फॉन्टची हमी. विंडोज १० नव्याने टाकले की मंगल असेलच असे नाही. त्याची जागा निर्मला यूआयने घेतली आहे. जुन्या अर्जाच्या नमुन्यात ओळी हलल्या, मजकूर दुसऱ्या पानावर गेला, अशी तक्रार आली की आधी हेच पाहावे. 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडले की मंगल परत येतो.

इतके सोसायचे, त्यापेक्षा अपडेटच कायमचे बंद का करू नये? अनेकांनी केलेही आहे. कुणी सेवा बंद करून दिली, कुणी त्यासाठी भलतेच सॉफ्टवेअर टाकले. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने फायलींच्या देवाणघेवाणीतली एक भेग बुजवली. १२ मे ला त्याच भेगेतून 'वॉनाक्राय' शिरले आणि सुमारे १५० देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागू लागले. मधल्या दोन महिन्यांत अपडेट घालणाऱ्यांना त्या वाटेने काही झाले नाही. २७ जूनला 'नॉटपेट्या' आले. तेही इतर वाटांबरोबर हीच भेग वापरून पसरत होते, आणि न्हावा शेवाच्या बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल त्यात ठप्प झाले. जहाजे उभी, कंटेनरांची रांग. मुंबईजवळच्या एवढ्या मोठ्या बंदराची ही गत झाली. झरीतल्या केंद्राच्या संगणकात तर शेकडो घरांची आधार कार्डे, पासबुकांची पहिली पाने, जातीचे पुरावे स्कॅन होऊन पडलेले असतात. ज्यांचे ते कागद आहेत त्यांना आपला कागद कुठे पडून आहे हेही ठाऊक नसते. त्यांच्या वतीने काळजी घेणारा तिथे केंद्रचालकच आहे.

मात्र पहिल्याच दिवशी घालायलाच हवे असेही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधली एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. ते विंडोजचे अपडेट नव्हते, पण घाईची किंमत त्यातून दिसली. विंडोज अपडेटमध्ये 'पॉज' करून एक आठवडा थांबता येते, कमाल मर्यादा साधारण पाच आठवड्यांची. मी एक आठवडा योग्य मानतो: तेवढ्यात मोठी चूक असेल तर ती उघड होते, आणि भेग उघडी राहते ती आठच दिवस.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी हिशेब आणखी बदलला आहे. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप, सिक्युअर बूट आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या केंद्रांतली बरीच यंत्रे इथेच अडतात. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्या तर ती फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड गुण किंवा सुमारे ३० डॉलर. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. लिनक्स हाही रस्ता आहे, सी-डॅकचे 'बॉस' मराठीत चालते. पण ठशाचे यंत्र आणि सहीचे टोकन त्यावर चालतात की नाही हे आधी तपासूनच त्या वाटेला जावे. अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतील. अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मग झरीचे वेळापत्रक कसे असावे? 'अॅक्टिव्ह अवर्स' सकाळी ८ ते रात्री १० असे हाताने ठरवावेत, म्हणजे कामाच्या वेळेत यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. दुसरा मंगळवार गेला की आठवडाभर पॉज. नंतरच्या एखाद्या दिवशी, आभाळ स्वच्छ असताना, दुपारी कोट्यातून उतरवून घ्यावे आणि गर्दी ओसरली की यूपीएसवर रीस्टार्ट द्यावा. केंद्रात माणूस थांबलेला असावा. डेस्कटॉप आला की एक पान छापायचे, त्यावरचा क्यूआर फोनने वाचायचा, स्वतःच्या बोटाचा ठसा घ्यायचा, टोकन लावून सहीचे प्रमाणपत्र दिसते का ते पाहायचे आणि मराठीत एक ओळ टाइप करायची. यातले एखादे अडले तर 'अपडेट हिस्टरी'त जाऊन त्या अपडेटचा केबीने सुरू होणारा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. वणीला फोन लावला की दुरुस्तीवाला तोच आधी विचारतो.